देवाच्या घरी क्वाय

शिलाँग
९ जानेवारी २००८

दाहून,

हे पत्र नेहमीसारखं मेईला मोठ्याने वाचून दाखवायला बसू नकोस. आधी एकटीने वाच. मेईसाठी आत वेगळा कागद ठेवलाय. त्यात पोरींचे निकाल आहेत, संत्र्यांची चौकशी आहे, तो खुशाल चुलीपाशी बसून वाच.

सुमोवाला शेम्बोर काल हॉस्पिटलच्या दारात भेटला. म्हणाला, यंदाही राखीव जंगलाच्या फेरीला शहरातले स्वयंसेवक येणार आणि पुढे तुमची आईच चालणार. हे खरं आहे का? कुणाला इंजेक्शन दिलं आणि कुणाला राहिलं, हेही आज मला दोनदा बघावं लागलं.

सप्टेंबरमध्ये तिला इथे आणून दाखवलं तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते तुला सांगितलंय, पुन्हा सांगते. मेईच्या हृदयातली झडप अरुंद झालीय. सपाटीवर चालू दे म्हणाले, पण चढ नको आणि ओझं नको. एखाद्या चढावर ती दम खायला बसेल आणि उठणारच नाही, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मेईला मी एवढंच सांगितलंय की रक्तदाब आहे, गोळ्या घे.

पा होता तोवर ती फेरी त्याची होती. तो देवाच्या घरी क्वाय खायला गेला, त्याला पुरून आठवडा लोटला नाही तोच मेई त्याच्या जागी पुढे चालायला लागली. तेव्हा ती धडधाकट होती, मीही कौतुक केलं. आता तसं नाही. दरी उतरायची, जित्या झाडांच्या मुळांच्या पुलावरून पलीकडे जायचं, हद्दीवरचं वाळकं गवत कापून वणवा अडवायला पट्टी मोकळी करायची आणि त्या उभ्या दगडी पायऱ्यांनी परत. तरण्या पोरांच्या पोटऱ्यांत गोळे येतात.

तू घरची खद्दू आहेस. धाकटी म्हणून घर तुझं, आणि मेईही तुझ्याच हवाली. मग अडव तिला. कसं ते मला विचारू नकोस.

थेइलिन

*

मावतिंगाप
१४ जानेवारी

काँग,

तुझ्या दोन्ही कागदांना एकाच कागदावर उत्तर देतेय. इथे कागद झाडाला लागत नाहीत.

फेरी खरी आहे. पंचवीस तारखेला निघणार, तिसऱ्या दिवशी परत. तू म्हणतेस अडव, तर ऐक मी काय काय केलं. मी म्हटलं, मेई, यंदा गुडघ्यांना विश्रांती दे. म्हणाली, माझे गुडघे जंगलात बरे असतात, घरातच दुखतात. मी म्हटलं, थंडी फार आहे. म्हणाली, जानेवारीत नसेल तर कधी असेल. मग मी गुपचूप गावच्या दोरबारच्या म्होरक्याकडे गेले. तो म्हणाला, वाट आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण शहरातली माणसं सांभाळणं तुझ्या आईलाच जमतं. आम्ही नेली तर अर्धी रुसून परत येतात. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि त्याचंही खोटं नाही. गेल्या वर्षी गुवाहाटीचा एक गृहस्थ सारखा विचारत होता, अजून किती किलोमीटर, अजून किती किलोमीटर. मेई म्हणाली, तीन क्वाय. म्हणजे एक चघळून संपला की दुसरा, तो संपला की तिसरा, मग आलंच. त्याने पान-सुपारीचा तो विडा हौसेने तोंडात टाकला. सवय नव्हती. कान लाल झाले, घामाने भिजला, मटकन वाटेत बसला. मेई म्हणाली, तुझ्या क्वायने मोजायचं तर तू पोचलास. तो गृहस्थ यंदा पुन्हा येतोय, फक्त तिच्यासाठी.

पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवून मला झोप लागणार नाही. मेई झऱ्यावरून पाणी घेऊन चढते तेव्हा हल्ली संत्र्याच्या झाडापाशी थांबते. मी हाक मारली की म्हणते, फळं बघतेय. काँग, संत्री आम्ही डिसेंबरातच उतरवली. ती रिकाम्या झाडाकडे बघत उभी असते.

तिला खरं सांगितल्याशिवाय ती थांबायची नाही. आणि खरं सांगायचं काम तुझं आहे, कारण डॉक्टरांचं तू ऐकलंस, मी नाही. ये इथे आणि समोर बसून सांग. तीन वर्षं झाली तुला गावात पाऊल टाकून. माझं पोर चार महिन्यांचं, मी तिच्याबरोबर जंगलात जाऊ शकत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

दाहून

*

शिलाँग
१९ जानेवारी

दाहून,

टोमणे नंतर मार, वेळ खूप पडलाय. वॉर्डात दोघी रजेवर आहेत, पोरींचे शाळाप्रवेश आहेत, मला निघता येत नाही. हे दरवर्षीचंच आहे असं तू म्हणशील. म्हण.

तुझं ते संत्र्याचं झाड मी रात्री तीनदा वाचलं.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. डॉक्टरांनी दुसरा मार्गही सांगितलाय. गुवाहाटीला छाती उघडून झडप बदलतात. जमलं तर मेई आणखी पुष्कळ वर्षं जंगल तुडवेल. नाही जमलं तर टेबलावरूनच परत येणार नाही. तिच्या वयाला दोन्ही होऊ शकतं, म्हणाले, घरच्यांनी ठरवा आणि सही करा. घरच्यांनी म्हणजे मी. आणि टेबलावरून परत न आलेल्यांच्या अंगावर चादर ओढणारीही मीच असते, दाहून. माझ्याने ती सही होत नाही. मेईला विचारलं तर ती लगेच कर म्हणेल, म्हणून तिला विचारतच नाही. हा कागद वाचलास की चुलीत टाक.

तोवर तिला घरात ठेवायचं. आणखी काही सुचत नसेल तर सांग की बाळाला ताप भरलाय आणि तू घाबरलीस. खोटं तर खोटं. नातीपुढे ती जंगल सोडेल.

जाड गोळ्या सकाळी एक, पांढऱ्या रात्री एक. देतेस ना?

थेइलिन

*

मावतिंगाप
२५ जानेवारी

काँग,

मेई गेली. आत्ताच, धुकं निवळल्यावर.

बाळाच्या तापाचं सांगून पाहिलं. तिने कपाळाला हात लावला, पोटाला लावला आणि म्हणाली, हा ताप थेइलिनच्या पत्रातून आलाय. मी मान खाली घातली. तिला कितपत कळलंय, ते मला कळेना. ताकास तूर लागू देत नाही ती.

शहरातली मंडळी काल संध्याकाळीच आली होती. कॉलेजच्या मुली, तो गुवाहाटीचा गृहस्थ, आणि कोरे करकरीत बूट घातलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं. मेईने त्यांचे बूट बघितले आणि पायमोज्यांत तंबाखूची पूड भरायला लावली, जळवांसाठी. बाई किंचाळायचीच बाकी होती. मग नेहमीची तंबी दिली, की माझ्या पुढे कुणी जायचं नाही, किटच्या मागे कुणी राहायचं नाही आणि जंगलातून पानही खिशात घालून आणायचं नाही. किट म्हणजे आपल्या शेजारचा, तो शेवटी चालणार. त्याला मी बाजूला घेऊन सांगितलं की मेईचं ओझं तू घे आणि तिच्यावर डोळा ठेव. त्याने का म्हणून विचारलं नाही. त्यामुळे मला आणखी भीती वाटली.

पानं आणि सुपाऱ्या तिने नेहमीपेक्षा जास्त बांधून घेतल्या. मी विचारलं, एवढी कशाला? म्हणाली, यंदा सावकाश जायचंय.

तू रागावशील. मी काय तिचे पाय बांधू? दारात आडवी उभी राहिले होते, खरंच, बाळाला घेऊन. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि मला बाजूला केलं, जशी लहानपणी करायची.

शेम्बोर हॉर्न वाजवतोय, संपवते. एकच सांगायचं राहिलं. खाली मैदानी मुलखाच्या बाजूने ढग चढतायत, काळे. या दिवसांत असं कधी होत नाही.

दाहून

*

(वहीच्या फाटक्या पानावर, पेन्सिलीने)

२८ जानेवारी

काँग, दगडांचा ट्रक उभा आहे, दोन ओळीच लिहिते. कालपासून पाऊस. दरीतली वाट वाहून गेली. किट आणि शहरातले सगळे परत आले. मेई देवाच्या घरी क्वाय खातेय. खालचा रस्ताही तुटायला आलाय, घाईने येऊ नकोस. बाळ रडतंय. बाकीचं मागून. दाहून.

*

रस्त्यावरून
२९ जानेवारी

दाहून,

तुझी चिठ्ठी ट्रकवाल्याने वॉर्डात आणून दिली. मी एका म्हाताऱ्या बाईला सलाईन लावत होते. चिठ्ठी वाचली, खिशात ठेवली, सलाईन लावून पुरं केलं. मग जिन्यात जाऊन बसले.

मिळेल त्या गाडीने निघाले. पण अर्ध्या वाटेवर डोंगर रस्त्यावर आलाय. पोलीस कुणालाच पलीकडे सोडत नाहीत. मी त्यांना सांगितलं, माझी आई गेलीय. तो पोलीस बिचारा म्हणाला, काँग, तुम्हीही जाल. आपल्या बाजूचा एक माणूस रात्रीपासून इथे अडकलाय. तो म्हणतो, वरच्या रानातून चालत पलीकडे जातो, वाट मला ठाऊक आहे. त्याच्याजवळ हे देतेय. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

घाईने येऊ नकोस, लिहितेस. आई मेल्यावर घाई करायची नाही, तर कधी करायची? सगळे परत आले म्हणतेस. शहरातली बुटातली माणसं परत आली, किट परत आला, आणि जिच्यावर डोळा ठेवायचा होता ती तेवढी आली नाही. तुला घर मिळालं, जमीन मिळाली, मेई मिळाली. त्या बदल्यात तुझ्याकडून एकच मागितलं होतं. एक म्हातारी तुला उंबऱ्याच्या आत ठेवता आली नाही, दाहून. मी तुला हे कधी माफ करेन असं वाटत नाही.

हे लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. तू म्हणत होतीस तेच खरं. तिला सांगितलं असतं तर ती थांबली असती, किंवा गुवाहाटीला गेली असती. ऑपरेशनने ती वाचलीही असती. मला सही करायची हिंमत नव्हती, म्हणून मी तिला निवडूच दिलं नाही. ज्या कामांपायी गावात येत नव्हते ती आधी सगळी खरी होती, पण सप्टेंबरनंतरचं एकही खरं नव्हतं. आले असते तर ती माझ्या तोंडाकडे बघून विचारणार होती, डॉक्टर काय म्हणाले गं. आणि तिच्याशी खोटं मला कागदावरच बोलता येतं.

मेई, तू हे वाचणार नाहीस आणि तुला कुणी वाचूनही दाखवणार नाही, म्हणून लिहिते. मला लहानपणी ताप आला की तू मला पाठीवरच्या टोपलीत बसवून दवाखान्यात न्यायचीस. चढावर तुझा श्वास मला पाठीतून ऐकू यायचा. मी तो ऐकत झोपून जायचे. आता मी रोज लोकांच्या आयांना उचलते, कुशीवर वळवते, त्यांच्या पाठीला पावडर लावते. तुझे पाय मी एकदाही चेपले नाहीत. तू सप्टेंबरमध्ये आलीस तेव्हा तुला बस स्टँडवर एक स्वेटर घेऊन दिला आणि गाडीत बसवलं. तू खिडकीतून म्हणालीस, ये गं गावाला. मी म्हटलं, येते. मला तुझी भीती वाटायची, मेई, तू मला ओळखून टाकशील म्हणून. आता तू नाहीस तर मला नुसतीच भीती वाटतेय, लहान पोरासारखी. तुझ्याशिवाय कसं राहायचं ते मी शिकलेच नाही. लांब राहिले म्हणून लोकांना वाटलं शिकले.

दाहून, तिला माझ्याशिवाय पुरू नका. वाट बघा. रस्ता झाला की पहिल्या गाडीने येते.

थेइलिन

*

मावतिंगाप
१ फेब्रुवारी

काँग,

मेई जिवंत आहे. पुढचं वाचण्याआधी हे पुन्हा वाच. मेई जिवंत आहे, इथे माझ्या पाठीमागे बसलीय आणि सुपारी कातरतेय.

आता तुला काय म्हणू? देव म्हणजे क्लॉस्टर. जंगलातल्या चौकीत एकटा राहतो तो राखणदार. आकाशातला नव्हे. दोन वर्षांपूर्वी दोरबारात कुणी विचारलं की लाकूड चोरीला जातं तेव्हा तू काय करतोस, तर हा म्हणाला, मी वरून सगळं बघत असतो. त्या दिवसापासून गाव त्याला देव म्हणतं. पाद्री रागावतात, तरी म्हणतं. देवाने मध पाठवला, देवाला खोकला झालाय, देव बाजारात दारू पिऊन पडला, असं आमचं रोज चालतं. मेई शहरात जपून क्लॉस्टर म्हणते. तू तीन वर्षांत एकदा जरी आली असतीस, तरी देव कोण ते तुला कळलं असतं. आणि मी, गाढव, लिहिताना मला मेलेल्या माणसाबद्दलची ती म्हण आठवलीसुद्धा नाही. ती त्याच्या घरी बसून खरोखरच क्वाय खात होती गं. किटने तसाच निरोप आणला, मी तसाच लिहिला. त्यासाठी तू दोन थोबाडीत मार.

झालं असं की परतीच्या चढावर मेईला अंधारी आली. ती दगडावर बसली, किटला म्हणाली, मला चौकीत सोड आणि पाऊस धरायच्या आत यांना घेऊन वर जा, मी देवाकडे थांबते. कॉलेजची एक मुलगी तिला सोडून निघेना, तिला रागावून पाठवावं लागलं. रात्री पुलाकडची वाट गेली. दोन दिवस ती चौकीतच होती. परवा पाऊस थांबल्यावर क्लॉस्टरने तिला पाठीवरच्या टोपलीत बसवलं, कपाळाला पट्टा लावला आणि चढून आणलं. ती पाठमोरी बसून आली.

आता नीट ऐक. तुझं पत्र मला मिळालं नाही. आम्ही सगळे रस्ता मोकळा करायला गेलो होतो, बाळाला पाठीशी बांधून मीही. घरात मेई आणि क्लॉस्टर दोघंच. तुझा तो माणूस दारात आला आणि त्याने विचारलं, मयताचं घर हेच का?

मेईने विचारलं, "कुणाचं मयत?"

तो म्हणाला, त्रेलीबाईंचं.

"मीच ती. दे इकडे."

तिला कुठे वाचता येतंय त्या मोतीबिंदूत. तिने क्लॉस्टरला वाचायला बसवलं. मी आले तेव्हा तो ऑपरेशनपाशी पोचला होता. मला बघून थांबला. मेई म्हणाली, "वाच. मेलेल्या माणसापासून काय लपवायचं?" त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी दाराला टेकून उभी होते, मागून माझ्याबद्दलचंही ऐकलं, कारण ते तिने पुन्हा वाचायला लावलं.

ते शब्द माझ्याकडे राहतील, काँग. शिव्या असत्या तर विसरले असते. पण आत्ता भांडायला ताकद नाही. मेईचे पाय सुजलेत, ती बसून झोपते, आडवी झाली की गुदमरते. आणि पत्र ऐकल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. खायला दिलं तर खाते, बाळाला खेळवते, माझ्याकडे बघत नाही. आपण दोघींनी मिळून तिला फसवलं, ते तिला लागलंय. काल एवढंच म्हणाली, क्लॉस्टरला बोलव, मला पत्र लिहायचंय. मी म्हटलं, मी लिहिते की. म्हणाली, तू गाळशील.

रस्ता एका बाजूने सुरू झालाय. ये.

दाहून

*

मावतिंगाप
३ फेब्रुवारी

थेइलिन,

अक्षर क्लॉस्टरचं, बोलणं माझं. त्याने मध्ये स्वतःचं काही घुसडलं तर तुला कळेल, त्याला बायकांसारखं बोलता येत नाही. (हे मी लिहिणार नव्हतो, पण काँग त्रेली बघतायत. क्लॉस्टर.)

मला सप्टेंबरमध्येच कळलं होतं. डॉक्टर बोलत होता माझ्या छातीबद्दल आणि बघत होता तुझ्याकडे. बऱ्या होणाऱ्या माणसाबद्दल कुणी असं दुसरीकडे बघून बोलत नाही. मग तू मला स्वेटर घेतलास. महागाचा. तेव्हा तर शंकाच राहिली नाही. म्हणून म्हटलं, आता जितक्या फेऱ्या होतील तितक्या करून घ्याव्यात, घरात बसून कुठे कुणी जास्त जगलंय. मी जंगलात मरायला गेले नव्हते. मला तिथे बरं वाटतं म्हणून गेले होते. दाहूनने मला खूप अडवलं. स्वतःच्या पोराला खोटा ताप आणला बिचारीने. तिला तू जे लिहिलंस ते समोर येऊन परत घे. कागदावर नको.

पण दुसरी वाट आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्याचा मला राग आलाय, आणि तो तुम्हा दोघींवर आहे. इतकी वर्षं मी शहरातल्या माणसांना वाट दाखवत नेते. वाट फुटली की मी त्यांना सांगते, इकडे चढ आहे, तिकडे घसरण आहे, दोन्हींत पाय मोडू शकतो, तुम्ही बोला. परक्यांना मी एवढं विचारते. तुम्ही मला विचारलं नाही. तू माझ्यासाठी वेगळा कागद लिहायचीस, त्यात संत्री असायची. मी दाहूनला म्हणायचे, थेइलिनला एवढी संत्र्यांची काळजी कधीपासून?

तर आता ऐक. गुवाहाटीला जायचं. सही तू करू नकोस, मी करते. मला सही येते, तुझ्या पा-ने शिकवलीय, अंगठा लावणार नाही. त्यांना म्हणावं, घरच्यांनी ठरवलं, घरची मीच आहे.

मला भीती वाटते. हे दाहूनला सांगितलेलं नाही, तिला दूध पाजायचंय. क्लॉस्टरला लिहावं लागलं म्हणून त्याला कळलं, तो कुणाला सांगणार नाही. देव आहे तो. चढावर अंधारी आली तेव्हा मला पा आठवला नाही, आकाशातला देवही आठवला नाही. शेजारी बसलेल्या त्या कॉलेजच्या मुलीचा हात मी इतका घट्ट धरला की तिचं मनगट लाल झालं. तिचं नावही मला ठाऊक नाही. तेव्हा वाटलं, हा हात तुझा असता तर. म्हणून तू आल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. रडायला जी गाडी धरली होतीस तीच धर, आणि माझ्या शेजारची जागा तू घे. टेबलापर्यंत हात सोडू नकोस. पुढे मी जाईन.

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. कुणाच्या आईला असं मिळतं? माणूस गेल्यावर घरचे जे बोलतात ते त्याला ऐकायला मिळत नाही, मला मिळालं. टोपलीतलं तुला आठवतंय, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तू झोपलेली असायचीस.

मी टेबलावरून परत आले तर तुझ्याशी बोलेन काय बोलायचं ते. नाही आले, तर दुसरं पत्र लिहीत बसू नकोस. हे मला पोचलंय.

मेई